आपत्ती शाखेतले आमचे साडू

संकटांवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही, आणि संकटांनी ज्याच्याकडे इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही असाही दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कलेक्टर कचेरीत, आपत्ती शाखेत अव्वल कारकून. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नावाचा उशीएवढा जाड ग्रंथ असतो, तो दर पावसाळ्याआधी ताजा करायचा हे त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर मागच्या आराखड्यावरचं साल खोडून मोकळा झाला असता. साडूंनी त्या ग्रंथाशी संसार मांडला. पूर, दुष्काळ, गारपीट, वीज, आग, वायुगळती, चेंगराचेंगरी, प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण. आग्या मोहोळाला तर त्यांनी इतकी पानं दिली होती की माश्यांनाही संकोच वाटावा. आपत्ती दोन प्रकारच्या असतात, नैसर्गिक आणि मानवनिर्मित, हे त्यांनी मला आमच्या पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि बिबट्या कुठल्या प्रकारात घालायचा यावरून त्यांनी साहेबांशी आठवडाभर वाद घातला होता. साडूंचं म्हणणं असं, की बिबट्या नैसर्गिक हे कबूल, पण ऊस माणसाने लावला. तेव्हा डोंगरातला बिबट्या नैसर्गिक धरावा आणि उसातला मानवनिर्मित. साहेबांनी शेवटी कंटाळून दोन्हीकडे सही केली. पुढे जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा नवी प्रत छापून येईपर्यंत ह्यांना धीर धरवेना. जुन्या प्रतीत पानापानावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात त्यांनी नवं नाव लिहिलं. म्हणाले, "मास्तर, संकटाला पत्ता नाही सापडला तरी चालेल. मदतीला सापडला पाहिजे." मी शाळामास्तर, त्यामुळे ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत.

असा माणूस पाहुणा म्हणून घरी आला की यजमानाची पंचाईत होते. आम्ही सावेडीत फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली. लोक येत होते, फरशी छान, हवा छान, म्हणत होते. साडू आले ते छताकडे बघत. मग जिन्याकडे बघितलं. मग गच्चीवर जाऊन आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गच्चीला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी ती तीन घरं फिरून शोधून काढली, तिची दुसरी किल्ली करवून आणली, आणि मगच पानावर बसले. बसले तेही दाराला पाठ लागेल अशा बेताने. आहेर म्हणून त्यांनी शिट्टी दिली. शिट्टी हा त्यांचा ठरलेला आहेर. बारशाला शिट्टी, मुंजीला शिट्टी, साठीशांतीलाही शिट्टी. ढिगाऱ्याखाली माणसाचा आवाज बसतो, शिट्टी बसत नाही, हे ते बारशाच्या पाळण्याशी उभं राहून बाळाच्या आजीला समजावून सांगतात. आमच्या नात्यागोत्यात एवढ्या शिट्ट्या झाल्या आहेत की एखाद्या सुट्टीत पोरंबाळं एकत्र जमली तर खालच्या रस्त्यावरची वाहनं थांबतात.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी कहर केला. आचाऱ्याच्या शेगड्या मांडवापासून इतक्या दूर नेऊन ठेवल्या की वाढप्यांना भात आणायला दुचाकी लागली. कार्यालयाच्या मागच्या अंगाला आइस्क्रीमवाल्याशेजारी एक मोठा फलक लावला, 'एकत्र जमण्याचे ठिकाण'. काही अघटित घडलं तर सगळ्यांनी तिथं जमायचं, असा त्यांचा हेतू. वरपक्षाला वाटलं, फोटोची सोय आहे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरामुलगा बोहल्यावर आणि त्याच्या बाजूची तमाम मंडळी आइस्क्रीम खात फलकाखाली ओळीने उभी. अक्षता टाकायला मुलीकडचेच उरले. आमच्या ताई, म्हणजे साडूंच्या पत्नी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्यांच्या आराखड्यात माझं नाव कुठल्या प्रकरणात आहे ते एकदा बघायचंय मला." साडूंनी गंभीरपणे उत्तर दिलं, "साधनसामग्री."

एकदा आम्ही दोन्ही जोडपी शिर्डीला गेलो. दर्शनबारीत लोक बाबांचं नाव घेत होते. साडू कठड्यांवर हात फिरवत, माणसांच्या डोक्यांवरून दारं मोजत पुढे सरकत होते. समाधीसमोर पोचलो, मी हात जोडले, बायकांनी डोळे मिटले, आणि साडू बाबांकडे पाठ करून बाहेर जायच्या वाटेकडे बघत उभे. ताई चिडल्या. त्यावर ते म्हणाले, "बाबांचं लक्ष आपल्या सगळ्यांवर आहे. दाराकडे कुणी तरी बघायला नको?" बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पडलेला. मी विचारलं, काय झालं? "सगळं चोख आहे," ते खिन्नपणे म्हणाले. हिवरे बाजारला अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले तेव्हाही तीच तऱ्हा. तिथली भरलेली विहीर, हिरवं शिवार, पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडणारी माणसं बघून आले आणि दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी अभिमानाने म्हणाले, "मास्तर, त्या गावाने माझं दुष्काळाचं प्रकरणच बाद केलं हो!"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं, आणि मी ते वर्षानुवर्षं नेलंही. पण ह्या माणसाच्या मनात एक काटा होता. काष्टीच्या पुढे भीमेच्या अंगाला एक वस्ती आहे. थोडीशीच घरं, एक देऊळ, चहूकडे ऊस, आणि वर टेकाडावर शाळा. आमच्या भागात पुराची गंमत अशी, की पाऊस पडतो दुसरीकडे. वर घाटमाथ्यावर धो धो कोसळतो, तिकडची धरणं भरतात, पाणी सुटतं, आणि आमच्याकडे रखरखीत ऊन असताना नदी घरात येते. ऊन पडलेलं असताना पुरावर विश्वास कोण ठेवणार? साडूंनी त्या वस्तीची आराखड्यात चार पानं केली होती. पोहणारे कोण, ट्रॅक्टर कुणाकडे, होडी कुणाची. पोहणाऱ्यांची नावं तर त्यांनी प्रत्येकाला पाण्यात उतरवून, काठावर उभं राहून, खात्री करूनच लिहिली होती. शेवटी एक यादी होती, 'उचलून आणावयाची माणसे'. तीत पहिलं नाव सोनाबाईंचं. सोनाबाई ऐंशीच्या पुढच्या, पाय गेलेले, जीभ शाबूत.

वस्तीला आणीबाणीत शाळेवर आणायची सवय लागावी म्हणून साडू दर वर्षी तिथं रंगीत तालीम घेत. पहिल्या वर्षी तालमीला पोलीस पाटील आले आणि एक कुत्रं आलं. साडू घरी येऊन जेवले नाहीत. पुढच्याच महिन्यात वस्तीवरच्या देवळाचा भंडारा होता, त्याला त्यांना आमंत्रण होतं. तिथून परतले ते तडक माझ्याकडे, चप्पल न काढता. "मास्तर, आचारी नुसता 'आमटी झाली' म्हणाला, आणि अख्खी वस्ती ताट-तांब्या घेऊन हजर! सोनाबाईला बाजेसकट चौघांनी आणलं. मी माझ्या यादीत जे लिहिलंय ते सगळं, अगदी तस्संच!" त्या वर्षापासून तालमीला शिपी आमटी सुरू झाली. श्रीगोंद्याकडची शिपी आमटी म्हणजे वर तर्री, खाली डाळ, आणि खाणाऱ्याच्या कानातून वाफ. डाळ-मसाला वस्तीचा, चुलवण शाळेच्या आवारात, आणि बोलावणं साडूंचं. साडूंना स्वतःला तिखट सोसत नाही, ते कोरडी भाकरी आणि गूळ खात कोपऱ्यात बसायचे, पण तालीम दर वर्षी शंभर टक्के यशस्वी. वस्तीवर तिला तालीम कुणी म्हणत नसे. साडू तिथले भाऊसाहेब, म्हणून 'भाऊसाहेबांचा भंडारा' म्हणत.

एकाच गोष्टीत साडू चुकले. तालीम खरी वाटली पाहिजे हा त्यांचा हट्ट. म्हणून जीपवरच्या भोंग्यातून ते दर वर्षी ठणकावून सांगत, "नागरिकहो, ही तालीम नाही. खरोखर पाणी येत आहे. ताबडतोब शाळेवर चला." पहिल्यांदा दोनचार म्हाताऱ्या दचकल्या. नंतर लोक हसायला लागले. पुढं पुढं तर पोरं भोंग्याच्या आधीच सुरात म्हणायची, "खरोखर पाणी येत आहे!" एका वर्षी मीही बरोबर गेलो होतो, ते ऐकून पोट धरून हसलो होतो. साडू हसले नाहीत. परतताना जीपमध्ये म्हणाले, "मास्तर, एक दिवस मी खरंच बोलावीन, आणि कुणी यायचं नाही." मी म्हटलं, आमटी ठेवा.

तो दिवस त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात आला. मला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते काही तालमीला निघालेले नव्हते, यादीतली नावं तपासायला निघाले होते. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, उन्हाने डोळे दिपत होते. आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते ऐकत गेले तसा त्यांचा हात हळूहळू गुडघ्यावरून खाली घसरला. वर धरणातून अंदाजापेक्षा फार जास्त पाणी सुटलं होतं. दुपार टळायच्या आत ते वस्तीत शिरणार होतं. साडू उठले, जीपकडे गेले, भोंगा हातात घेतला. "नागरिकहो, ही तालीम नाही. खरोखर पाणी येत आहे."

पलीकडून पोरांनी सुरात साथ दिली. बाजेवर पडलेले बबनराव, ते यादीत पोहणाऱ्यांत पहिले, कुशीवर वळून म्हणाले, "भाऊसाहेब, औंदा लवकर काढली व्हय तालीम? आन् आचारी कुठाय?"

"बबनराव, खरंच पाणी येतंय हो."

"व्हय व्हय. दरसाल खरंच येतंय. ऊन बगा की कसलं पडलंय!"

साडू दारोदार गेले. हात जोडले. एका घरात त्यांनी आईची शपथ घेतली. घरातली बाई हसून म्हणाली, "बसा की, च्या ठिवते." सोनाबाईंनी तर आतूनच आवाज दिला, "भाऊसाहेब, आमटीत खोबरं लई घाला म्हनावं!" ते परत आले आणि जीपच्या पायरीवर बसले. "हे मीच केलं, मास्तर," ते म्हणाले. "खरं बोलायचे शब्द मीच वापरून टाकले." मी नदीकडे बघितलं. नदी रोजच्यासारखी होती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मग ते उठले. ह्या माणसाने रजेच्या अर्जातही कधी खोटं कारण लिहिलेलं नाही. ताप नव्याण्णव असेल तर शंभर म्हणणार नाहीत, असा गृहस्थ. त्यांनी भोंगा तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि चिरक्या आवाजात म्हणाले, "नागरिकहो, आज... आज रंगीत तालीम आहे. शाळेवर आमटी तयार आहे. भाकरी गरम आहेत. लवकर या."

बस्स. दारं वाजली, भांडी वाजली. बबनराव बाजेवरून उठले आणि चौघांत एक होऊन सोनाबाईंची बाज उचलायला धावले. बाया ताट-तांबे घेऊन, पोरं वाट्या वाजवत, कुणी शेळ्यासुद्धा मागे घेऊन, अख्खी वस्ती टेकाड चढू लागली. साडू सगळ्यांच्या मागे, वही उघडून, एकेका नावावर खूण करत. शेवटची खूण झाली तेव्हा ते शाळेच्या फाटकातून आत आले, आणि फाटक ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभे राहिले.

"भाऊसाहेब," बबनराव म्हणाले, "चूल तर दिसंना."

साडूंनी हात जोडले. "आमटी नाही. मी खोटं बोललो. खालून पाणी येतंय."

त्यावर जो कल्लोळ उठला तो मी लिहू शकत नाही, शाळेत शिकवतो. एका तरण्या गड्याने तर फाटकाला हात घातला, खाली मोटर चालू राहिली होती म्हणे. साडूंची उंची ती केवढी, वजन ते केवढं. दोन्ही हात पसरून ते फाटकाला चिकटले. "अर्धा तास," ते म्हणत होते, "फक्त अर्धा तास. नाही आलं तर मला हवं ते बोला. मी इथंच उभा आहे." लोकांनी अर्धा तास थांबायचं कबूल केलं, पण बोलायला मात्र लगेच सुरुवात केली. साडूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पावसाळ्यात सगळा जिल्हा पाणी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालतो, आणि त्या अर्ध्या तासात मी, देवा, पाणी लवकर येऊ दे, असं मनात म्हणत होतो.

पाणी गाजावाजा करत आलं नाही. आधी ऊस हलायला लागला. वारा नव्हता आणि ऊस हलत होता. मग उसाच्या सऱ्यांमधून मातकट पाणी निवांतपणे बाहेर आलं, देवळाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या, आणि बघता बघता घरांच्या उंबऱ्यांवरून आत गेलं. आम्ही बसलो होतो ती पायरी मला दिसेनाशी झाली. टेकाडावर एका बाईने कडेवरचं पोर घट्ट धरलं. तो तरणा गडी फाटकापासून मागे सरला आणि खाली बसला.

मग बाजेवरून सोनाबाईंचा आवाज आला. "भाऊसाहेब, तुमी खोटं बोलला."

"हो," साडू म्हणाले.

"लई बरं केलं. आता शाळंत डाळ हाय का बगा. पोरं ताटं घिऊन बसल्याती."

शाळेच्या गुरुजींनी पोषण आहाराची खोली उघडली. बबनरावांनी चुलवण पेटवलं. त्या दिवशी तिथं जी आमटी झाली तीत खोबरं नव्हतं, मसालाही धड नव्हता. सोनाबाईंनी नावं ठेवत ठेवत दोन वाट्या संपवल्या. साडू जेवलेच नाहीत. ते वही घेऊन पुन्हा पुन्हा नावं मोजत फिरत होते, आणि प्रत्येक वेळी आकडा बरोबर येत होता, तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पुराची बातमी आली, बुडालेल्या उसाचा फोटो आला. साडूंचं नाव कुठंच नव्हतं, आणि येणार तरी कसं? माणसं वाचली ही बातमी होत नाही, ती घरी जेवत असतात. कचेरीच्या अहवालात 'जीवितहानी' असा रकाना असतो. त्यापुढे साडूंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'निरंक'. म्हणजे काही नाही. मी ते पान पाहिलं आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीची कमाई त्या एका शब्दात मावली होती, आणि ह्या वेड्या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो ह्याची मला तेव्हा मनापासून लाज वाटली. खाली त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, 'नागरिकांस असत्य सूचना दिली, सबब माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.' साहेबांनी ते खोडलं. साडू त्यावरून आठवडाभर नाराज होते.

आता ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, सगळं यथासांग झालं. नंतर महिन्याभराने एका दुपारी त्यांचा मला फोन आला. "मास्तर, आपत्तीच्या ग्रुपमधून मला काढलं." त्यात कुणाची चूक नव्हती, निवृत्त माणसाला काढायचंच असतं. त्यांनाही ते ठाऊक होतं, तसा नियम त्यांनीच करून दिला होता. पण ताई सांगत होत्या, पावसाळा लागल्यापासून सकाळी उठून फोन हातात घेऊन बसतात आणि तो वाजत नाही.

म्हणून मी हल्ली रोज सकाळी शाळेत निघायच्या आधी त्यांना फोन लावतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. भीमेला कितीही पाणी आलं तरी माझी चप्पलसुद्धा भिजायची नाही. तरी मी विचारतो, "साडूभाऊ, आज काय परिस्थिती?" पलीकडे चष्मा शोधल्याचा, कागद चाळल्याचा आवाज येतो. मग ते सांगू लागतात. घाटावर पाऊस किती, कुठल्या धरणाचे किती दरवाजे उघडले, पाणी कुठवर आलंय. ही सगळी माहिती त्यांनी पहाटे उठून कुठून कुठून मिळवलेली असते. मी हं हं करतो, मधूनच एखादा आकडा पुन्हा विचारतो. शाळेची वेळ होते, बायको दारातून खुणा करते, पण सगळी नदी ऐकून झाल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.

सांगून संपलं की ते विचारतात.

"मास्तर, उद्या करताय ना फोन?"

"करतो तर," मी म्हणतो. "मला कळायला नको?"